जपून ठेवलेली चौकट

मित्रांनो, जिच्यात दार बसवत नाहीत आणि देवाची तसबीरही बसवत नाहीत, अशी मी एक जुनी सागवानी चौकट आहे. माझ्यात लहान मूल उभे करतात. ज्या मुलांचे पाय जन्मापासून ताठर असतात, ज्यांना स्वतःच्या बळावर उभे राहता येत नाही, त्यांना मी छातीशी, कमरेशी आणि गुडघ्यांशी आधार देऊन उभे धरते. दवाखान्यातील मंडळी मला 'स्टँडिंग फ्रेम' म्हणतात. खेड्यातील लोक नुसतेच 'चौकट' म्हणतात, आणि मलाही तेच नाव आपले वाटते.

माझे वय फार नाही, अवघे आठ वर्षांचे आहे. परंतु लाकडाचे वय वर्षांवर नसते, कामावर असते. त्या आठ वर्षांपैकी अकरा महिने मी काहीही काम केले नाही. त्या अकरा महिन्यांत माझ्यावर जितके प्रेम झाले तितके पुढे-मागे कधीच झाले नाही. आणि तरीही त्या महिन्यांची आठवण झाली म्हणजे मला माझ्या सागवानी असण्याची लाज वाटते. तीच हकिकत मी आज तुम्हाला सांगणार आहे. त्यात माझाही अपराध आहे, तो मी लपवणार नाही.

माझा जन्म गोंदिया जिल्ह्यातील सौंदड येथे कवडू मिस्त्रींच्या सुतारकामाच्या छपराखाली झाला. कवडू मिस्त्री म्हणजे घरांची दारे-खिडक्या करणारे सुतार. एके दिवशी प्रेरणा मॅडम स्कूटरवरून त्यांच्याकडे आल्या. त्या मुलांच्या हातापायांचे व्यायाम घेण्याचे काम करतात. आठवड्यातून दोन दिवस गोंदियातील एका केंद्रात, दोन दिवस सडक अर्जुनीकडच्या शाळांत आणि उरलेले दिवस खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन, असा त्यांचा क्रम होता. लोक त्यांना 'व्यायामवाल्या मॅडम' म्हणत. त्यांनी मिस्त्रींपुढे एक कागद पसरला. त्यावर माझी आकृती होती.

मिस्त्रींनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"मॅडम, हे कपाट होय का खुर्ची होय?"

"दोन्ही नाही, मिस्त्री. यात लेकरू उभं राहणार."

"मंग पडत नाई का ते?"

"पडू नये म्हणूनच तर तुमच्याकडे आली मी!"

मिस्त्री हसले आणि कामाला लागले. कोणाच्या तरी दाराचे उरलेले सागवान त्यांनी रंध्याने गुळगुळीत केले. खाली रुंद पाट, त्यावर दोन उभे खांब, गुडघ्यांसमोर गादी लावलेली आडवी फळी, छातीसमोर ताटाएवढा एक पाट आणि पाय रोवायला दोन खाचा, असा माझा देह तयार झाला. गादीसाठी रबर आणि रेग्झिन त्यांनी गाड्यांची सीट शिवणाऱ्याकडून आणले. कमरेला आणि छातीला चरचर आवाज करणारी चिकटपट्टी लावली. खांबांना तीन-तीन भोके पाडली, म्हणजे मूल वाढेल तशी मलाही वाढवता यावी.

नंतर मिस्त्रींनी जे केले ते कागदावर लिहिलेले नव्हते. त्यांनी तांदळाचा एक कट्टा माझ्यात उभा बांधला आणि मला चारी बाजूंनी गदागदा हलवले. मॅडम म्हणाल्या, "अहो, मोडेल ना!" मिस्त्री म्हणाले, "मोडाची असन तर आताच मोडू द्या. पोट्टं पडलं तर कवडूचं नाव जाईन."

मी मोडले नाही.

पुढील दोन वर्षे मी गोंदियाच्या केंद्रात काढली. तो माझ्या आयुष्यातील कष्टाचा काळ होता, आणि आता वाटते की तोच भाग्याचाही होता. सकाळी नऊ वाजता पहिले मूल माझ्यात उभे राही आणि दुपारी शेवटचे उतरे. कोणी रडत, कोणी माझ्या पाटावर चमचा बडवीत, कोणी लाळ गाळीत. चंद्रकुमार नावाच्या एका मुलाला दात येत होते, तो माझ्या पाटाची कडाच चावत असे. त्याच्या दातांचे ठसे माझ्या अंगावर अजून आहेत. त्या वेळी मला ते कुरूप वाटत. मी मनात म्हणे, अरेरे, माझ्या सागवानी कांतीची ही काय दशा!

प्रेरणा मॅडम प्रत्येक आईला एकच वाक्य सांगत. "ताई, माझ्या हातात आठवड्याचा एक तास आहे. बाकी सगळे तास तुमच्या हातात आहेत." त्या समजावून सांगत की मूल उभे राहिले म्हणजे अंगाचा भार पायांवर येतो, त्या भाराने खुब्याचे हाड आपल्या वाटीत नीट बसते, आणि गुडघ्यामागच्या शिरा आखडत नाहीत. हे रोज झाले पाहिजे. आठवड्यातून एकदा केंद्रात येऊन ते होत नाही.

म्हणूनच त्यांनी चौकटी घरोघरी द्यायचे ठरवले. माझ्या आधी माझी एक थोरली बहीण अशीच एका घरी गेली होती. तिचे फार हाल झाले. त्या घरच्या मंडळींनी प्रथम तिच्यावर पाण्याचे हंडे ठेवले, नंतर तिच्या खाली कोंबड्या डालल्या, आणि थंडीचे दिवस आले तेव्हा तिचा एक खांब शेकोटीला गेला. मॅडम तिला आणायला गेल्या तर आजोबा म्हणाले, "एक खांब हाय ना शाबूत, काऊन रागावता?" केंद्रात मॅडमना वरिष्ठांचे पुष्कळ बोलणे खावे लागले. त्यानंतर नियम झाला की चौकट नेणाऱ्याने 'वस्तू सुस्थितीत परत करीन' अशा कागदावर सही करावी.

अशा प्रकारे दोन वर्षांनी, जून महिन्यात, माझी पाठवणी झाली.

सौंदडपासून थोड्या अंतरावर एक लहान खेडे आहे. तेथे बकाराम आणि रुख्मा हे शेतकरी दांपत्य राहते. थोडे स्वतःचे आणि थोडे ठेक्याने घेतलेले धानाचे शेत ते करतात. त्यांची मुलगी हर्षा तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिचे दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. ती कोपरांवर जोर देऊन जमिनीवरून सरपटत असे. जीभ मात्र तिची सरपटत नव्हती, ती चांगली धावत असे.

पहिल्याच दिवशी मॅडमनी तिला माझ्यात उभे केले. कवडू मिस्त्रींचे बांधकाम पक्के होते आणि हर्षाचे गुडघे तेव्हा सरळ होत होते. ती माझ्यात ताठ उभी राहिली. आजवर तिने जग खालून पाहिले होते. आता तिचे डोके आईच्या कमरेच्या वर आले. तिने सभोवार पाहिले आणि विचारले, "आई, चुलीवर हे काय हाय?"

"भाजी होय माय."

"रोजच राह्यते का थे तेथी?"

घरातील सर्वजण हसले. रुख्माबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला. हर्षा वीस मिनिटे उभी राहिली. त्या वीस मिनिटांचा भार मला अजून आठवतो.

मग मॅडमनी कागद काढला. थोरल्या बहिणीची कथा सांगितली. म्हणाल्या, "भाऊ, जपा हं हिला. अशा चौकटी फार नाहीत आमच्याकडे. ही मोडली तर हर्षाच्या मागून जे लेकरू येईल, त्याला काय देऊ मी?" बकारामने सही केली. स्कूटर चालू करताना मॅडम पुन्हा म्हणाल्या, "ताई, जपा. ओली होऊ देऊ नका. उंदरांपासून जपा. आणि रोज एक तास उभं करा. मी शुक्रवारी येतेच, तेव्हा सगळं परत दाखवते."

मित्रांनो, मी तेथेच उभी होते. 'जपा' हा शब्द त्या तीन वेळा बोलल्या आणि 'उभं करा' हे एकदाच, तेही इंजिनाच्या आवाजात. मॅडमना वाटले, शुक्रवार तर आहेच. परंतु तो शुक्रवार आला नाही. बुधवारी त्यांच्याकडे एकाएकी सालेकसा भाग सोपवण्यात आला. कचारगडच्या बाजूची, डोंगराकडची गावे. त्या भागात मुले पुष्कळ आणि मॅडम एकट्या. हर्षाचे गाव त्यांच्या वाटेवरून सुटले.

बकारामने मला उचलून आतल्या खोलीत, धानाच्या कोठीशेजारी नेले. म्हणाला, "रुख्मा, वस्तू आपली नोय. आपल्याच्यानं मोडली तं दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचा घास गेला समज." रुख्माबाईंनी पेटीतून आपल्या लग्नातले लुगडे काढले आणि मला त्यात गुंडाळले. ओल लागू नये म्हणून खाली दोन विटा ठेवल्या. मला वाटते, जगात कोणत्याही लाकडाला असे वस्त्र मिळाले नसेल.

त्यांना वाटे की ही दवाखान्याची वस्तू आहे, हिला जाणत्याचाच हात लागावा. पट्टा कमी-जास्त बसला, पोरगी वाकडी झाली, खांब करकरला, तर काय घ्या? मॅडम येतील तेव्हा उभे करू. मॅडम शुक्रवारी येणारच आहेत. हा शुक्रवार नाही तर पुढचा.

दर सोमवारी रुख्माबाई माझ्यावरचे लुगडे सोडून मला कोरड्या फडक्याने पुसत आणि तेलाचा हात फिरवीत. माझी कांती उजळली. चंद्रकुमारच्या दातांचे ठसेसुद्धा तेलाने गुळगुळीत झाले. दसऱ्याला घरातील विळे, कुदळी, नांगराचा फाळ मांडून पूजा झाली, तेव्हा मलाही त्यांच्या रांगेत बसवले. मला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. शेजारच्या सुशिलाबाई आपट्याची पाने द्यायला आल्या होत्या. मला पाहून त्या दारातच थांबल्या.

"बाप्पा, रुख्मे! हे सरकारी होय म्हणते? सरकारी वस्तू असी चकाकताना मी जन्मात पायली नाई. आमच्या घरचा तं दिलेला सोलरचा दिवा महिन्याभरात आंधया झाला."

"मॅडमनं विश्वासानं देली ना काकू," रुख्माबाई म्हणाल्या.

"तुया घरी लक्ष्मी बी टिकंन बाई अशानं!"

रुख्माबाईंचा चेहरा अभिमानाने फुलला. आणि मित्रांनो, येथेच मला माझा अपराध कबूल केला पाहिजे. माझेही मन फुलले. केंद्रातील लाळ, चमचे आणि रडणे आठवून मी मनात म्हटले, आता खरी माझी योग्यता कोणी ओळखली! मी लाकूड आहे, मला बोलता येत नाही, हे खरे. परंतु बोलता आले असते तरी त्या दिवशी मी बोलले असते का? मला शंका आहे.

हर्षा मात्र मला विसरली नव्हती. आई अंगणात गुंतली की ती कोपरांवर सरपटत आतल्या खोलीत येई. माझे लुगडे ओढी. त्यातून माझा पाट थोडा दिसला की त्यावर आपली हनुवटी टेकवी. एकदा तिचे हात गुळाने चिकट होते. रुख्माबाई धावत आल्या.

"नोको माय, डाग पडंन!"

"मले उभी कर ना, आई."

"मॅडम येतीन ना उद्या."

"उद्या कवा?"

"उद्या म्हंजे उद्या."

"तू कालबी उद्याच म्हणली होती!"

"लय बोलतेस बरं तू! चाल, भात देतो."

आणि रुख्माबाईंनी तिला कडेवर घेऊन बाहेर नेले. हर्षा आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होती. मला तेव्हा काय वाटले ते सांगू? मला वाटले, बरे झाले, गुळाचा हात लागला नाही.

त्या अकरा महिन्यांत प्रेरणा मॅडमचे तीन फोन आले. डोंगराकडच्या गावांत फोनची रेंज मिळणे कठीण. कधी टेकडीवर चढून, कधी बसस्टँडवरून त्या बोलत. माझ्या कानावर रुख्माबाईंचे बोलणे पडे. "हो मॅडम, चौकट एकदम चांगली हाय. काई टेन्शन घेऊ नका... पोरगी? पोरगीबी चांगली हाय, जेवते-खाते... हो हो, जपून राहिलो ना आमी." आणि फोन तुटे. पलीकडून मॅडमनी प्रथम माझी विचारपूस केली, मग हर्षाची. 'रोज उभी राहते का' हा प्रश्न फोनवर आला की नाही, मला माहीत नाही. आला असेल तर तो डोंगरात कोठेतरी हरवला असेल.

दिवस जात होते. धान कापले गेले, मळणी झाली, कोठी भरली आणि पुन्हा उतरत गेली. हर्षा चार वर्षांची झाली. सरपटताना तिचे पाय आता पूर्वीसारखे मागे पसरत नसत, ते पोटाशी दुमडलेलेच राहत. रुख्माबाई म्हणत, "थंडी होती म्हणून होय." मग उन्हाळा आला, तरी ते तसेच राहिले.

मे महिन्यात मॅडमचा भाग बदलला आणि त्या परत आल्या. अंगणात स्कूटर थांबताच रुख्माबाईंना किती आनंद झाला म्हणून सांगू! त्यांनी मॅडमना पाणीही मागाहून दिले. आधी हाताला धरून त्यांना आतल्या खोलीत आणले, आणि मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात पदर सावरून देतात तशा काळजीने माझ्यावरचे लुगडे बाजूला केले.

"पाहा मॅडम. एक खरोच पडू देली नाई."

बकाराम दारात उभा राहून म्हणाला, "एक डाग दाखवा, मी तुमचे पाय धरतो."

मॅडम आश्चर्याने म्हणाल्या, "अरे वा, ताई! आमच्या केंद्रात पण अशी नाही राहिली ही!" त्यांनी कौतुकाने माझ्या गुडघ्याच्या गादीवर हात फिरवला. आणि तो हात तेथेच थांबला. दोन वर्षांच्या वापराने जी गादी दबली होती, ती पुन्हा फुगून कोरी झाली होती. त्यांनी छातीचा पट्टा उघडला. जी चिकटपट्टी रोज वापरात असते तिच्यात मुलांच्या कपड्यांचे धागे अडकतात, केस अडकतात. माझ्या पट्टीत एकही धागा नव्हता.

"ताई," त्यांनी हळूच विचारले, "उभं कितीदा केलं हर्षाला?"

"तुमी केलं ना, त्या दिवशी."

"त्यानंतर?"

"त्यानंतर तुमी आल्याच नाई मॅडम. तुमच्याबिगर कशी हात लावू मी? तुमी जपा म्हणलं. मी जपली."

मॅडमनी हर्षाला उताणे निजवले आणि तिचा गुडघा दोन्ही हातांनी सरळ करू लागल्या. तो अर्ध्यावर येऊन थांबला. हर्षा ओरडली. दुसरा गुडघा त्याच्याही आधी थांबला. मग त्यांनी दोन्ही मांड्या हळूच फाकवून पाहिल्या, त्या पुरेशा फाकल्या नाहीत. तरी त्यांनी तिला माझ्यात उभे करून पाहिले. वाकलेले गुडघे माझ्या फळीवर आदळले, टाचा खाचांत टेकेनात. ती माझ्यात उभी राहिली नाही, मित्रांनो. ती माझ्यात लोंबकळली.

"दुखते मॅडम," हर्षा म्हणाली. "मांगच्या वेळी नाई दुखलं होतं."

मॅडम तिला मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या.

"चूक माझी आहे, ताई. मी फोनवर चौकटीची खबर घेत राहिले. पोरीची नीट नाही घेतली."

रुख्माबाई लुगडे हातात घेऊन उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मुलीकडे पाहिले. म्हणाल्या, "मंग अकरा महिने मी लाकूड पोसून राहिली होती का, मॅडम?"

बकाराम दारातून बाजूला झाला आणि अंगणात जाऊन उगाच बैलांचा गोठा झाडू लागला. मी तेल लावलेली, तुळतुळीत, निष्कलंक अशी उभी होते. एक खांब शेकोटीत गेलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा मला त्या क्षणी हेवा वाटला. निदान तिने कोणाला ऊब तरी दिली.

तदनंतर गोंदियाला हर्षाच्या पायांना प्लास्टर घातले. दर आठवड्याला ते कापून गुडघा थोडा आणखी सरळ करायचा आणि नवे घालायचे, असे सहा आठवडे. हाडांचा फोटो काढला तेव्हा कळले की डावा खुबा वाटीतून निम्मा बाहेर सरकला आहे. डॉक्टर म्हणाले, "उभं केलं असतं तर सरकलाच नसता, असं मी सांगणार नाही. काही मुलांचा तरीही सरकतो. पण गुडघे नक्की इतके आखडले नसते." मॅडमनी हे जसेच्या तसे रुख्माबाईंना सांगितले. खोटा दिलासा दिला नाही आणि वाढवूनही सांगितले नाही. रुख्माबाई म्हणाल्या, "आता काय कराचं थे सांगा."

जुलैमध्ये प्लास्टर निघाले आणि माझे खरे आयुष्य पुन्हा सुरू झाले. कवडू मिस्त्रींनी येऊन माझी गुडघ्याची फळी मागे सरकवली, खाचांत पाचर बसवली, कारण गुडघे अजून पूर्ण सरळ नव्हते. मिस्त्री मला पाहून रुख्माबाईंना म्हणाले, "वैनी, इतकी कोरी काऊन हे? मी तं लेकरासाठी बनवली होती, लग्नात द्याले नाई!" त्यांना झालेली हकिकत ठाऊक नव्हती. रुख्माबाईंनी मान खाली घातली.

ते रोवणीचे दिवस होते. धानाची रोपे चिखलात लावायला घरातील प्रत्येक हात बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लागतो. पूर्वी हर्षाला घरी सुशिलाबाईंच्या सासूजवळ ठेवीत. आता बकारामने मला खांद्यावर घेतले, रुख्माबाईंनी हर्षाला घेतले आणि आम्ही सर्वजण शेतावर गेलो. बांधावर ऐनाच्या झाडाखाली मला रोवले. हर्षा माझ्यात उभी राहिली. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, मग पंधरा, मग अर्धा तास. पावसाचे थेंब माझ्यावर पडले, चिखल उडाला, आणि कोणीही मला पुसले नाही.

बायका ओणव्या होऊन रोपे लावीत मागे-मागे सरकत होत्या. हर्षा उंचावरून पाहत होती. एकाएकी तिने आवाज दिला, "सुशिला काकू! तुमची ओळ वाकडी हाय!"

सुशिलाबाईंनी कमरेवर हात ठेवून मान वर केली. "आली मोठी मालकीण! उतर खाली आन् लाव तू सीधी!"

"मी कशी उतरू? मले बांधून ठेवलं हाय!"

बांधीभर हशा पिकला. रुख्माबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी चिखलाच्याच हाताने डोळे पुसले.

मी पुढील दहा महिने त्या घरी राहिले. माझ्या पाटावर वरणभात सांडला, पाटी-पेन्सिलीच्या रेघा उमटल्या, हर्षाने खिळ्याने माझ्या खांबावर 'ह' कोरला. तिचे गुडघे काहीसे सरळ झाले. पूर्ण झाले नाहीत. पुढे सहाव्या वर्षी नागपूरला खुब्याचे ऑपरेशन झाले. आता ती वॉकर धरून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते. बाकी सर्वत्र तिला चाकाची खुर्ची लागते. त्या अकरा महिन्यांनी किती पावले नेली, हे कोणी मोजू शकत नाही. मी तरी दुसरा कोणताच विचार करीत नाही.

त्या दहा महिन्यांनंतर ती माझ्यात मावेनाशी झाली, तेव्हा मला केंद्रात परत नेले. बकारामने सही करताना लाजून सांगितले की वस्तू पहिल्यासारखी राहिली नाही. तेथील बाबूने शेऱ्यात 'वस्तू खराब' असे लिहिले. मॅडमनी तो शेरा खोडला नाही. त्यानंतर त्या ज्या घरी चौकट देतात, तेथे पहिले दोन आठवडे एक दिवसाआड स्वतः जातात किंवा अंगणवाडीच्या बाईंना पाठवतात. आईने त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने मुलाला उभे केल्याशिवाय त्या कागदावर सहीच घेत नाहीत. हे शहाणपण फार चांगले आहे. ते हर्षाच्या उपयोगी पडले नाही, एवढेच.

सध्या माझा मुक्काम त्याच भागातील एका शाळेत आहे. पहिलीतला रोशन रोज सकाळी माझ्यात उभा राहतो. मिस्त्रींनी त्याच्यासाठी माझे खांब लांबवून दिले आहेत. हर्षा त्याच शाळेत चौथीत आहे. सव्वादहापर्यंत रोशनने उभे राहायचे असे मॅडमनी ठरवून दिले आहे.

सकाळी परिपाठाला सारी शाळा मैदानात रांगेत उभी राहते. पहिलीच्या रांगेच्या टोकाला मी रोशनला घेऊन उभी असते. माझ्या बाजूला हर्षाची खुर्ची असते. गुरुजी 'सावधान' म्हणतात आणि राष्ट्रगीत सुरू होते. मुले उभी असतात, गुरुजी उभे असतात, रस्त्याने जाणारा एखादा सायकलवालाही उतरून उभा राहतो. हर्षा खुर्चीत पाठ ताठ करते, दोन्ही हात मांड्यांना घट्ट चिकटवते आणि समोर पाहते. ती गाणे सर्वांत मोठ्याने म्हणते. तेवढा वेळ मला तिच्याकडे पाहवत नाही.

आज राष्ट्रगीत संपल्यावर रोशन किरकिर करू लागला. गुरुजींना दया आली. ते त्याचा पट्टा सोडायला वाकले, तशी हर्षा खुर्ची पुढे रेटत आली.

"गुरुजी, त्याले काढू नका. टाइम नाई झाला त्याचा."

"अगं, रडून राहिला ना तो."

"रडू द्या. रडता रडता उभा तं हाय!" मग ती रोशनला म्हणाली, "काऊन रे? मी आहो ना इथं. गिनती म्हण माया संग."

गुरुजींनी हात मागे घेतला. आता दोघे मिळून शंभरपर्यंत म्हणत आहेत. एकोणतीसनंतर रोशन पुन्हा वीसवर येतो आणि हर्षा त्याला न रागावता परत तिशीवर नेते.

मित्रांनो, लेकरासाठी दिलेली एखादी वस्तू तुमच्या घरी असेल, कुबडी असेल, कानाचे यंत्र असेल, पायाचा बूट असेल, तर ती पेटीतून बाहेर काढा. तिला डाग पडू द्या, ती झिजू द्या, मोडली तर पुन्हा जोडून आणा. कोणी तुम्हाला 'जपा' म्हणाले तर एकदा धीटपणे विचारा की वस्तूला जपू की लेकराला. रुख्माबाईंसारख्या भल्या बाईला हे विचारायचे सुचले नाही. आणि मला माझ्या तेलपाण्याचा इतका अभिमान होता की तिला सुचावे असे मला मनातूनही वाटले नाही.

यापेक्षा अधिक बोलायला मला सवड नाही. रोशनचा सगळा भार माझ्या फळीवर आहे, हर्षा घड्याळाकडे पाहत आहे, आणि सव्वादहा वाजायला अजून बारा मिनिटे आहेत.